कट-ऑफ स्विचच्या नावाखाली जुन्या लष्करी ट्रकची केबल गेली

विदर्भातल्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात धान आणि लाकूड ओढायला लिलावातले लष्करी ट्रक आजही घेतात. हंगाम सरला की गाडी महिनोन्महिने उभी, बॅटऱ्या उतरतात, म्हणून मालक कट-ऑफ, म्हणजे बॅटरी गाडीपासून तोडणारा स्विच, बसवायला जातो. अशाच एका शक्तिमान या लष्करी ट्रकच्या मालकाला गॅरेजवाल्याने तीन ठिकाणी फसवलं.

‘केबल सडली’ म्हणत मूळची जाड तांब्याची केबल काढली आणि परत दिलीच नाही. जागी नवी चकचकीत लाल-काळी केबल आली. वरून तेवढीच जाड, पण आतली एक तार ब्लेडने खरवडली तर पांढरी निघाली: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. स्विचवर 300 अँपिअर छापलेलं, बोल्टला मात्र चुंबक चिकटला. पितळी मुलाम्याखाली लोखंड. लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, हातोडीने ठोकलेले, ओढले की हलत होते.

तिसरी लबाडी सगळ्यात वाईट. इंजिनकडून थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर येणारी अर्थिंगची पट्टी तशीच ठेवली. स्विच बंद केला तरी हॉर्न वाजत होता. म्हणजे पैसे गेले आणि बॅटरी उतरायचीही थांबली नाही.

या गाड्यांना बहुधा 24 व्होल्ट असतात, 12-12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. स्विच निगेटिव्ह बाजूला, चॅसिसकडे जाणाऱ्या केबलवर लावा. बॅटरीच्या त्या निगेटिव्ह टोकावर एकच केबल हवी, ती स्विचच्या एका बोल्टवर. बाकी सगळी अर्थिंग दुसऱ्या बोल्टवर. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून 12 व्होल्टचा रेडिओ घेतला असेल तर त्याची निगेटिव्हही तिथेच न्या. लग थेट स्विचच्या तोंडाला टेकला पाहिजे, वॉशर त्याच्यावर. मिस्त्री घाईत लोखंडी वॉशर मध्ये घालतात आणि जोड तापतो.

पैसे देण्याआधी मल्टीमीटर मागा. इंजिनचा स्टॉप (डिझेल तोडणारी तार) ओढून धरा, स्विचच्या दोन्ही बोल्टवर मीटरच्या सळया टेकवा आणि सेल्फ मारायला लावा. 0.2 व्होल्टच्या वर आकडा गेला तर स्विच परत करा. 200 अँपिअरला अर्धा व्होल्ट पडला, तर त्या डबीत 100 वॅट उष्णता तयार होते; आपल्या मे महिन्यात प्लास्टिक वितळायला तेवढं पुरे. मग स्विच बंद करून हॉर्न, लाईट, सेल्फ तिन्ही तपासा. काढलेली केबल आपल्या समोर गाडीत टाकून घ्या, तांब्याला भंगारातही चांगला भाव येतो.

त्याच मिस्त्रीने ‘इंजिन बंद करायलाही हाच फिरवा’ असं सांगितलं होतं. चालू इंजिनवर बॅटरी तोडली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर जळतात. मालकाचा अल्टरनेटर तसाच गेला आणि दुरुस्तीचं बिलही त्याच गॅरेजने लावलं. या गाड्यांचं डिझेल इंजिन स्टॉपच्या तारेनेच बंद करा आणि ते पूर्ण थांबल्यावरच स्विच फिरवा.