बॅलन्स ट्रान्सफर: नऊ हप्ते भरून झाल्यावर

दिवसभर टॅलीत दुसऱ्यांची खाती जुळवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर १,४२,६०० रुपये थकलेले असावेत, यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. ऑफिसातल्या दोघी-तिघी हसल्याही. मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. फेब्रुवारी २०२५ पासून बॅलन्स ट्रान्सफरचे, म्हणजे एका कार्डावरची बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर हलवून घेतल्याचे, हप्ते भरतेय, या महिन्यात नववा गेला. 'बॅलन्स ट्रान्सफर घ्यावं का?' असं विचारणाऱ्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगून कंटाळले, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी हे कर्ज आलं कुठून ते. ऑगस्ट २०२४ मध्ये सासूबाईंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मेडिक्लेम तीन लाखांचा होता, त्यामुळे आम्ही निश्चिंत. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा होती दिवसाला ३,००० रुपये आणि आम्ही हौसेनं घेतली ५,००० ची सिंगल रूम. वरचे दोन हजार आपण भरू, हा आमचा हिशेब. विमा कंपनीचा हिशेब निराळा निघाला: खोली मर्यादेबाहेरची, म्हणून डॉक्टरांची फी, ओटीचे पैसे, सगळंच त्या प्रमाणात कापलं. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर ८८,००० भरायचे होते. कार्ड घासलं. मग पावसात गच्ची गळायला लागली, वॉटरप्रूफिंगचे ४०,००० त्याच कार्डावर. दिवाळीही त्याच कार्डावर.

सप्टेंबरपासून मी इमानेइतबारे 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरत होते. दंड नाही, फोन नाही, सगळं सुरळीत वाटायचं. जानेवारीत एका रविवारी बिल समोर घेऊन बसले. व्याज महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे ५,१३४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ९२४. मी भरत होते ७,५००. मुद्दलातून कमी व्हायचे जेमतेम चौदाशे-साडेचौदाशे. वर्षाचा दर ४३.२ टक्के आणि जीएसटी धरला की ५१. शिवाय मागची बाकी राहिली की बिनव्याजी मुदत संपते, म्हणजे त्या कार्डावर घेतलेल्या नव्या पेट्रोललाही पहिल्या दिवसापासून व्याज. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बघायचं टाळत होते.

आदल्याच महिन्यात पेपरात आलं होतं की राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे वरून कुणी काही करेल ही आशाही संपली.

पर्याय तीन पाहिले. पर्सनल लोन: सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा गुणांक, ६८८, कार्डाची १,६५,००० ची मर्यादा ८६ टक्के वापरलेली, त्यामुळे बँकेतल्या साहेबांनी फॉर्म हातात घेतानाच मान हलवली. ऑफिसची पगारदार पतसंस्था: दोन जामीनदार लागतात, एक तयार होता, दुसरा आधीच कुणाच्या तरी कर्जात अडकलेला. तिसरं सोनेतारण. खरं सांगायचं तर दराच्या दृष्टीनं तेच सगळ्यांत स्वस्त पडलं असतं. सासूबाईंनी पाटल्या काढून टेबलावर ठेवल्यासुद्धा. त्यांच्या गुडघ्यापायी त्यांच्याच पाटल्या गहाण ठेवायच्या हे मला जमलं नाही. हा निर्णय आकडेमोडीत बसत नाही, मान्य आहे.

मग आठवलं की पगाराचं खातं आहे त्या बँकेनं दोन वर्षांपूर्वी गळ्यात मारलेलं एक फुकट कार्ड कपाटात पडून आहे. मर्यादा १,६०,०००. त्यावर बॅलन्स ट्रान्सफर मिळत होतं, मर्यादेच्या ७५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १,२०,०००. नवीन बँक जुन्या कार्डावर पैसे भरते आणि आपण नव्या बँकेला फेडायचं, एवढाच हा प्रकार. उरलेले २२,६०० जुन्या कार्डावरच राहिले. 'सगळं कर्ज एका झटक्यात हलवा' असं जाहिरातीत असतं, ते मर्यादा मोठी असणाऱ्यांसाठी.

दोन योजना होत्या. एक, ९० दिवस शून्य व्याज, फक्त २ टक्के फी. दुसरी, बारा हप्ते. शून्य टक्के ऐकून कुणाचेही कान टवकारतात, माझेही टवकारले. पण तीन महिन्यांत एक लाख वीस हजार आणायचे कुठून? आमच्या ऑफिसातल्या एकानं ६०,००० असेच हलवले, तीन महिने मिनिमम भरत राहिला आणि चौथ्या महिन्यात उरलेल्या सगळ्या रकमेवर नेहमीचा दर बसला. ज्याचा बोनस किंवा एफडी तीन महिन्यांत हातात पडणार हे नक्की आहे, त्यानंच ती योजना घ्यावी. मी बारा हप्ते घेतले.

फोनवरच्या मुलीनं दर सांगितला 'वर्षाला फक्त ८.३१ टक्के, मॅडम'. अटींच्या पीडीएफमध्ये महिन्याला १.२५ टक्के, म्हणजे वर्षाला १५. दोन्ही आकडे खरे आहेत, गंमत तीच आहे. ८.३१ हा फ्लॅट दर: शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण एक लाख वीस हजार तुमच्याकडेच आहेत असं समजून काढलेला. १५ हा घटत्या शिलकीवरचा. हप्ता दोन्हीकडून तोच, १०,८३१. मी तिला विचारलं, 'हा फ्लॅट का रिड्यूसिंग?' ती म्हणाली, 'मॅडम, फिक्स्ड आहे.' पुढे वाद घातला नाही, तिच्या समोरच्या कागदावर तेवढंच असणार.

आता एकूण खर्च. वर्षभराचं व्याज ९,९७२. त्यावर जीएसटी १,७९५. प्रोसेसिंग फी २,४०० आणि तिच्यावर जीएसटी ४३२. बेरीज १४,५९९. हे सगळं धरलं तर खरा दर १५ नव्हे, २२ टक्क्यांच्या घरात जातो. तरीही ५१ च्या निम्म्याहून कमी. जुन्या कार्डावर याच एक लाख वीस हजारांसाठी मी महिन्याला ११,००० भरत राहिले असते, तर फिटायला पंधरा महिने लागले असते आणि व्याज-जीएसटीपोटी साधारण ४४,६०० गेले असते. म्हणजे वाचतात अंदाजे तीस हजार. पण त्या गणितात मी दर महिन्याला ११,००० भरतेय हे गृहीत आहे, आणि मी तर ७,५०० भरत होते. ट्रान्सफरनं दर कमी केला हे खरं, पण मला जास्त उपयोग झाला तो हप्त्याच्या सक्तीचा. मिनिमम ड्यूला मोकळीक असते, हप्त्याला नाही. घरात दर महिन्याला साडेतीन हजार जादा काढायचे कुठून, यावर आमच्यात दोन भांडणं झाली आणि मग ते निघाले. ओटीटी, बाहेरचं जेवण, नवऱ्याची जिम. जिममध्ये तो तसाही जात नव्हता.

आता माझ्या चुका. पहिली तारखांची. जुन्या कार्डाची भरायची शेवटची तारीख २८ जानेवारी. मी अर्ज केला २४ ला, शुक्रवारी. 'तीन ते पाच कामाचे दिवस' असं सांगितलं होतं. २५ ला चौथा शनिवार, २६ ला रविवार आणि प्रजासत्ताक दिन. आता बँकच भरणार म्हणून मी मिनिमम भरलं नाही. पैसे जुन्या कार्डावर दिसले १ फेब्रुवारीला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीन दिवसांपर्यंत उशिराचा दंड लावता येत नाही. मला झाले चार. दंड १,३०० अधिक जीएसटी २३४. मेल केली, फोन केले, 'सिस्टम जनरेटेड' हे उत्तर मिळालं. अर्ज केल्यावरही पैसे पोचेपर्यंत जुन्या कार्डाचं मिनिमम भरत राहायचं, हे कुणी सांगत नाही. मी सांगतेय.

त्याच्याच जोडीचं दुसरं आश्चर्य पुढच्या बिलात. एक लाख वीस हजार गेले, राहिले २२,६००, असं मी समजून चाललेले. बिल आलं २८,८०० चं. दंड होताच, पण १० जानेवारीच्या बिलापासून पैसे येईपर्यंतच्या दिवसांचं व्याज मागाहून आलं, जीएसटीसकट साडेचार हजारांच्या वर. फसवणूक नाही, ते व्याज चढलेलंच होतं, फक्त बिलात यायचं होतं. मार्चमध्ये भिशी लागली, दहा जणींची दोन हजारांची, वीस हजार आले ते थेट तिकडे. उरलेले एप्रिलच्या पगारातून भरून ते कार्ड शून्यावर आणलं. भिशीचं कौतुक कुणी लेख लिहून करत नाही, पण मला वेळेला तीच धावून आली.

दुसरी चूक नव्या कार्डावर. डोक्यात १०,८३१ पक्कं बसलं होतं, म्हणून पहिल्या बिलाला ऐटीत ११,००० भरले. बिल होतं १३,९३३ चं: हप्ता, व्याजावरचा जीएसटी २७० आणि फीचे २,८३२. बाकी राहिली २,९३३. तेवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं, पण मधल्या काळात त्याच कार्डावर मी ५,३०० चा किराणा आणि गॅस घेतला होता. बिल पूर्ण न भरल्यानं त्याचीही बिनव्याजी मुदत गेली. अडीचशे रुपयांच्या आसपास फटका बसला. रक्कम छोटी, पण अकाउंट्सवालीनं बिल न वाचता पैसे भरावेत याचा राग जास्त आला. त्या दिवसापासून नव्या कार्डावर खरेदी बंद आणि ऑटोपे 'टोटल ड्यू'वर, म्हणजे पूर्ण बिलावर. ऑटोपे लावताना अ‍ॅपमध्ये आधीच 'मिनिमम'वर खूण असते, ती बदलावी लागते.

जुनं कार्ड बंद करावं का, यावर घरात चर्चासत्र झालं. नवरा म्हणे कात्रीनं काप. बंद करणं सोपं आहे, अर्ज दिल्यावर कामाचे सात दिवस, त्याहून उशीर केला तर बँकेलाच दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात, फक्त बाकी शून्य हवी. पण ते माझं सगळ्यांत जुनं कार्ड, सिबिलसाठी इतिहास टिकलेला बरा. म्हणून ठेवलं, मर्यादा लेखी अर्ज देऊन ४०,००० वर आणली आणि अ‍ॅपमधून ऑनलाइन आणि टॅप करून पैसे द्यायची सोय, दोन्ही बंद केल्या. ज्याचा स्वतःवर भरवसा नाही त्यानं कात्रीच वापरावी. जुनं कार्ड रिकामं होताच त्या बँकेचे फोन सुरू झाले: 'मॅडम, तुम्हाला इन्स्टंट लोन मंजूर झालंय.' मंजूर, मी न मागताच. नव्या कार्डाचंही तसंच, हप्ता भरला की तेवढी मर्यादा मोकळी होते आणि अ‍ॅप हिरव्या अक्षरांत दाखवतं. फेब्रुवारीत ४०,००० दिसत होते, आता सव्वा लाखाच्या वर दिसतात. माझ्या ओळखीतल्या एका वहिनींनी बॅलन्स ट्रान्सफर केलं आणि मोकळ्या झालेल्या जुन्या कार्डावर फ्रिज घेतला. आता दोन कार्डं फेडताहेत.

सिबिल आता ७४१ आहे. असे गुणांक आणि अहवाल देणारे चार क्रेडिट ब्युरो आहेत आणि प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, त्यासाठी कुठल्या अ‍ॅपला पैसे द्यायची गरज नाही. जानेवारीच्या उशिराची नोंद मात्र त्यात दिसते.

या दिवाळीत २५,००० बोनस आला. नवरा म्हणाला, थोडे घालून कर्ज मिटवूनच टाकू. ऑक्टोबरचा हप्ता गेल्यावर मुद्दल उरलं ३१,६९७. आधी फेडायची फी ३ टक्के, जीएसटी धरून १,१२२. आणि तीन हप्ते नेहमीसारखे भरले तर लागणारं व्याज ७९६, त्यावर जीएसटी १४३, एकूण ९३९. म्हणजे लवकर फेडायचे १८३ रुपये जादा. व्याज सुरुवातीच्या हप्त्यांतच बरंचसं वसूल झालेलं असतं; पहिल्या बिलात जीएसटी २७० होता, या बिलात ९५. आधी फेडण्यात अर्थ असला तर तो पहिल्या तीन-चार महिन्यांत. हे गणित त्याला वहीत मांडून दाखवलं तेव्हा कुठे पटलं.

तेव्हा बोनस बचत खात्यात पडून आहे, अडीच टक्क्यांवर. सासूबाईंचा उजवा गुडघा डिसेंबरात आहे. या वेळी ३,००० पर्यंतची खोली मिळेल का, हे हॉस्पिटलला आधीच विचारून ठेवलंय. ट्विन शेअरिंग मिळेल म्हणाले. सासूबाई म्हणतात बरंच झालं, बोलायला कुणीतरी असेल.