गँट चार्ट की कानबान फळा?
सिमेंट नाला बांध जूनच्या पावसाआधी उरकायचा असेल तर गँट चार्टच घ्या, म्हणजे एकेक काम एकेका ओळीत आणि त्याच्या तारखा आडव्या पट्टीनं दाखवणारा तक्ता. पायाखोदाई, काँक्रीट, क्युरिंग (पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं), भराव... एक अडलं की पुढचं सगळं अडतं, म्हणून शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत या. पीपीसी (राखमिश्रित) सिमेंटला किमान 10 दिवस पाणी मारावं लागतं. मराठवाड्यात मे महिन्यात तेच पाणी मिळत नाही. टँकरची सोय क्युरिंगच्या ओळीतच लिहा. दर आठवड्याला तारखा दुरुस्त केल्या नाहीत तर चार्ट कुचकामी.

वाळूजच्या वर्कशॉपात मात्र ऑर्डरी रोज बदलतात. तिथं कानबान बरा, म्हणजे कामाच्या चिठ्ठ्या एका रकान्यातून पुढच्या रकान्यात सरकवायचा फळा: 'करायचं', 'चालू', 'तपासणी', 'झालं' असे रकाने, कामागणिक एक चिठ्ठी. दोन मशीन असतील तर 'चालू'मध्ये तीनच चिठ्ठ्या ठेवा. चौथी घुसवली की अर्धवट जॉब साचतात, डिलिव्हरी हुकते.