घंटी वाजते, पण नक्की कुठे? कर कार्यालयाच्या लँडलाइनचा आठ महिन्यांचा अनुभव

पाचपैकी दीड तारा. त्यातला अर्धा लँडलाइनला, आणि पूर्ण एक त्या बाबूंना, जे फोन उचलल्यावर निदान "देखता हूँ" म्हणून खरंच बघतात.

कार्यालय कुठलं, वॉर्ड (आयकराचं स्थानिक कार्यालय) कोणता, ते लिहीत नाही. इंदूरात आयकराच्या जुन्या डिमांडपायी (खात्यानं दाखवलेल्या बाकीपायी) ज्यांनी फोन फिरवलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही फिरवला त्यांचं नावानं काही अडत नाही. आयकराचं पोर्टल, पॅन, ओटीपी, २६एएस (तुमच्या नावावर जमा कराचा तक्ता) हे सगळं येतं असं धरून चालतो. निमित्त नेहमीचंच. यंदाचा रिफंड जुन्या बाकीत वळता करण्याची कलम २४५ ची सूचना येते, उत्तराला २१ दिवस मिळतात, आणि बाकी वॉर्डानं चढवलेली असेल तर गाडी वॉर्डाच्या दाराशी येऊन थांबते. राजेंद्र नगर, सुदामा नगर भागातली पेन्शनर मंडळी अशा वेळी पोर्टल बाजूला ठेवतात आणि फोन उचलतात. म्हणून हा आढावा फोनचा.

आधी रिंगबद्दल, कारण यावर कोणी लिहीत नाही. तुमच्या कानात वाजते ती घंटी म्हणजे तिकडच्या टेबलावर वाजणारी घंटी नव्हे. तुम्हाला ती एक्स्चेंज ऐकवतं. तांब्याची तार मध्येच तुटलेली असली तरी एक्स्चेंज इमानानं रिंग देत राहतं, तुम्हाला ट्रिंग-ट्रिंग ऐकू येतं आणि तिकडचं डबडं गप्प पडलेलं असतं. उलट पावसाचं पाणी जॉइंटमध्ये शिरून दोन तारा एकमेकींना भिडल्या की एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचललाय. मग दिवसभर एंगेज. रिसीव्हर कोणी खरोखरच बाजूला काढून ठेवला असेल तरी एंगेजच.

तेव्हा सकाळी सातला, कार्यालयाला कुलूप असताना, एकदा नंबर लावून पाहायचा. त्या वेळी एंगेज लागला तर रिसीव्हर कालपासून बाजूला काढलेला आहे किंवा लाइनमध्ये शॉर्ट आहे. त्या दिवशी पुन्हा लावायच्या भानगडीत पडू नका. सातला रिंग गेली, साडेदहाला गेली, बारालाही गेली आणि दोन-तीन दिवसांत एकदाही एंगेज लागला नाही, तर लाइन तुटलेली असल्याचा संशय घ्यायचा. चालत्या कार्यालयाचा फोन कधीतरी एंगेज लागतोच. सातला रिंग आणि दिवसा मधूनमधून एंगेज, ही जिवंत लाइन. वेळ घालवायचा तो हिच्यावर.

दुसरं, रिंग वाजून वाजून कॉल आपोआप तुटतो, त्यावरून "माझा नंबर बघून कट केला" असं म्हणू नका. टेबलावरच्या बहुतेक जुन्या इन्स्ट्रुमेंटला नंबर दाखवणारा पडदाच नसतो. एक्स्चेंजनं वाट पाहिली आणि सोडून दिलं, इतकंच. तिसरं, नोटिशीवर छापलेला नंबर टेलिफोन बोर्डाचा, म्हणजे सगळ्या कार्यालयाचा एकच असेल तर तो आधी ऑपरेटरच्या टेबलावर वाजतो. ऑपरेटर रिटायर होऊन जागा भरलेली नसेल तर ती घंटी रिकाम्या खुर्चीला ऐकू जाते. अशा वेळी शेवटचे दोन आकडे बदलून थेट एक्स्टेंशन शोधणारे हुशार लोक आहेत. त्यांना बहुतेक कँटीन लागतं.

उचलत का नाहीत, याचं उत्तर रागात सापडत नाही, माणसांच्या मोजणीत सापडतं. १३ ऑगस्ट २०२० ला फेसलेस (करदाता आणि अधिकारी समोरासमोर न येता होणाऱ्या) छाननीची घोषणा झाली तेव्हा पुष्कळांना वाटलं की वॉर्डाचं काम संपलं. छाननी गेली हे खरं. पण जुन्या डिमांडची पडताळणी, कलम १५४ च्या (आदेशातल्या चुकांच्या) दुरुस्त्या, पॅन एका वॉर्डातून दुसऱ्यात हलवणं, वसुली आणि तक्रारींना उत्तरं, हे सगळं वॉर्डातच राहिलं. आयटीओंची (वॉर्डाच्या कर अधिकाऱ्यांची) बदली झाली आणि नवे आले नाहीत की चार्ज शेजारच्या वॉर्डाकडे 'अतिरिक्त' म्हणून जातो. साहेब तिसऱ्या मजल्यावर बसतात, फाइल पहिल्यावर असते आणि फोन कुलूपबंद खोलीत. एकच टॅक्स असिस्टंट दोन-दोन वॉर्डांची डाक चढवत असेल, तर तो हातातलं सोडून घंटीमागे का धावेल? मी त्याच्या जागी असतो तर रिसीव्हर मीच बाजूला काढून ठेवला असता.

यातही निम्मे लोक चुकीच्या गावाला फोन लावत असतात. पॅनवरचा पत्ता बदलला म्हणून अधिकारक्षेत्र बदलत नाही. नोकरी वडोदऱ्याला झाली, निवृत्तीनंतर इंदूरला आले, तरी पॅन वडोदऱ्याच्याच वॉर्डात बसलेलं असतं. इथला बाबू कितीही भला असला तरी त्याच्या सिस्टिममध्ये तुमचं पान उघडणार नाही. पोर्टलच्या पहिल्या पानावर 'नो युअर एओ' आहे (एओ म्हणजे तुमचं पॅन ज्याच्याकडे आहे तो कर अधिकारी). पॅन, मोबाईल, ओटीपी टाकला की वॉर्ड, इमारत आणि एओचा ईमेल दिसतो. पॅन हलवायचं असेल तर नव्या आणि जुन्या दोन्ही एओंना पत्त्याच्या पुराव्यासह लेखी अर्ज द्यायचा. सोडायचं जुन्या एओनं असतं, आणि अडतं तेही तिथंच.

हेल्पलाइनचं वेगळं. १८०० १०३ ००२५ हा पोर्टल आणि बंगळुरूच्या सीपीसीचा (विवरणपत्रं तपासणाऱ्या केंद्राचा) नंबर. फुकट आहे आणि बोलायला माणूस मिळतो. लॉगिन, ई-व्हेरिफिकेशन, बँक खातं, सीपीसीनंच काढलेली १४३(१) ची (विवरणपत्र तपासल्यावरची) सूचना, एवढ्यापुरता चांगला. टीडीएसच्या (आधीच कापून घेतलेल्या कराच्या) ट्रेसेस या संकेतस्थळाचा १८०० १०३ ०३४४. या दोघांना वॉर्डाची फाइल दिसत नाही, दिसली तरी हात लावता येत नाही. "तुमच्या एओशी संपर्क करा" हे त्यांचं वाक्य टाळाटाळ वाटतं, पण खरं असतं. कोणाशी बोलायचं ते फोनआधीच कळतं. 'पेंडिंग ॲक्शन्स'मध्ये 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' उघडा आणि डिमांड कोणी चढवली, दुरुस्तीचे अधिकार कोणाकडे, हे दोन रकाने वाचा. सीपीसी लिहिलं असेल तर वॉर्डाला फोन करू नका. एओ लिहिलं असेल तर हेल्पलाइनला करू नका. या एका वाक्यानं आठ महिन्यांतले कितीतरी फोन वाचले असते.

इथपर्यंतचं मत पहिल्या तीन महिन्यांचं. तेव्हा ठरवलं होतं की लँडलाइन हा निव्वळ शोभेचा दागिना आहे. पुढे ते थोडं बदललं.

फोनवर काम होत नाही, फोनवर पत्ता लागतो. "मेरा काम हुआ क्या?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "साहब मीटिंग में हैं." कारण खरं उत्तर द्यायला बाबूला सिस्टिम उघडून, पॅन टाकून, चार पानं पाहावी लागतात. त्याऐवजी दोनच प्रश्न विचारायचे. इस वॉर्ड का चार्ज आज किसके पास है? और अमुक तारीख का आवेदन डाक में चढ़ा क्या, नंबर क्या है? दोन्हींचं उत्तर त्याला बसल्या जागी देता येतं आणि तो देतोही. आवक नंबर हातात आला की पुढचा प्रत्येक ईमेल त्या नंबरासकट जातो, आणि तो बाजूला सारणं अवघड होतं. वेळ साडेदहा ते सव्वा अकरा, हजेरी झालेली आणि साहेबांची बोलावणी सुरू व्हायच्या आत. जेवणानंतर साडेतीनच्या सुमारास दुसरी खिडकी. मार्चमध्ये वसुलीची धावपळ असते, तेव्हा अजिबात नको.

म्हणून दीडाचे दोन तारे करतो. नाइलाजानं.

खरं काम लेखीच होतं. डिमांड मान्य नसेल तर 'डिसअॅग्री' निवडून कारण द्यायचं. कर भरला असेल तर चलनावरचा सात आकडी बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), पाच आकडी चलन क्रमांक, तारीख आणि रक्कम. पीडीएफ ५ एमबीच्या आत. नुसतं 'डिसअॅग्री' करून गप्प बसणं ही सगळ्यात नेहमीची चूक. त्यानं डिमांड उडत नाही, तुमचं म्हणणं नोंदवलं जातं फक्त. सोबत दुरुस्तीचा अर्ज हवाच. सर्व्हिसेसमध्ये रेक्टिफिकेशन, त्यात 'रिक्वेस्ट टू एओ सीकिंग रेक्टिफिकेशन'. कलम १५४(८) प्रमाणे अर्ज मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत निकाल द्यावा लागतो. (कलमांचे आकडे १९६१ च्या कायद्यातले आहेत. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू, पण भानगडी सगळ्या मागच्या वर्षांच्या असतात.)

सहा महिने उलटले की ई-निवारण, म्हणजे पोर्टलवरची तक्रारीची खिडकी. तिथे तक्रार एओच्या खात्यावर टाकायची. सवयीनं सीपीसी निवडलं तर "एओशी संपर्क करा" लिहून बंद होते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तेही फसलं तर केंद्राचं तक्रार पोर्टल सीपीग्राम्स, निपटाऱ्याची मुदत २१ दिवस, आणि बंद झाल्यावर अपील करता येतं. शेवटचं हत्यार दहा रुपयांचं, माहितीचा अधिकार. त्यात "का केलं नाही" विचारायचं नाही. अमुक तारखेचा अर्ज कोणत्या पदाकडे कोणत्या तारखेला गेला आणि त्यावर काय नोंद झाली, एवढंच मागायचं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर लिहायचं म्हणजे फाइल शोधावी लागते, आणि सापडलेली फाइल पुन्हा हरवणं जरा कठीण जातं.

एक फोन मात्र कोणालाच करू नका. बाकी कर निर्धारण वर्ष २०१०-११ पर्यंतची आणि प्रत्येक नोंद २५,००० रुपयांपर्यंतची असेल, किंवा २०११-१२ ते २०१५-१६ मधली आणि १०,००० पर्यंतची असेल, तर ती ३१ जानेवारी २०२४ ला थकीत होती का ते बघा. १३ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशानं अशा डिमांड एका करदात्यामागे एकूण एक लाखाच्या मर्यादेत माफ झाल्या आहेत. टीडीएस कापणाऱ्यांवरच्या डिमांड त्यात नाहीत, आणि त्यातून रिफंडही निघत नाही. वॉर्डाकडे या वर्षांची कागदं क्वचितच सापडतात, त्यामुळे तिथे विचारणं म्हणजे दोघांचाही वेळ जाणं. नोंद पोर्टलवर तशी दिसते की नाही ते पाहा आणि विषय संपवा.

आपल्या मराठी लोकांचा आणखी एक खास घोळ. पॅनवर 'सुनंदा प्रभाकर अमुक', बँकेत 'सुनंदा अमुक', आणि लग्नाआधीच्या नावाचं खातं अजून चालू. मध्य प्रदेशातल्या बँकेत फॉर्म भरणाऱ्यानं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे न घालता वेगळ्या रकान्यात टाकलं की दोन्ही नावं जुळत नाहीत, खात्याचं व्हॅलिडेशन (खातं तुमचंच असल्याची पडताळणी) फसतं आणि रिफंड परत जातो. याचा वॉर्डाशी काडीचा संबंध नाही. बँकेत नाव पॅनप्रमाणे करून घ्या, खातं पुन्हा व्हॅलिडेट करा, मग 'रिफंड रीइश्यू'. तरीही दर दोन फोनांमागे एक याचाच असतो.

वाट बघण्याचा हिशेब सांगतो, कारण चीड तिथेच येते. १८,४०० रुपयांची चुकीची डिमांड अंगावर असेल तर कलम २२०(२) चं व्याज महिन्याला एक टक्का, म्हणजे १८४ रुपये, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना. तेवढाच रिफंड सरकारकडे अडकला तर मिळतं अर्धा टक्का, ९२ रुपये. डिमांड शेवटी रद्द झाली तर व्याजही जातं. पण तोवर दर महिन्याला पोर्टलवर वाढलेला आकडा बघायचा, आणि तिकडे फोन वाजत राहणार.

अनपेक्षित सुख एकच. म्हैसूरला डिमांड सुविधा केंद्र आहे, तिथून लोक स्वतः फोन करतात, कोणत्या वर्षाची बाकी ते सांगतात आणि तुमचं म्हणणं एओपर्यंत पोचवतात. पहिला कॉल आला की फसवणूक वाटते. खात्री करायची सोपी रीत अशी, ते सांगतील ती डिमांड पोर्टलवर दिसली पाहिजे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर डीआयएन (पत्राचा ओळख क्रमांक) असतो, तो पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. ओटीपी मागितला, लिंक पाठवली, "अभी पे कर दो" म्हटलं, की ठेवून द्या.

लँडलाइनबद्दल ताजी खबर. परवा रात्री धो-धो पाऊस झाला, तेव्हापासून ती एंगेज आहे. सकाळी सातलाही.