नवरदेवाच्या खिशातला रेकॉर्डर : अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव आणि एका घड्याळाची तक्रार

‘तपासणीत दोष आढळला नाही’ एवढी एकच ओळ लिहिलेल्या कागदासह माझा रेकॉर्डर सर्व्हिस सेंटरहून परत आला आणि तेच हा अनुभव लिहिण्याचे निमित्त ठरले. खिशात मावणारा, कॉलर माइक थेट जोडता येणारा, दोन ट्रिपल ए सेलवर चालणारा आणि 32 बिट फ्लोटमध्ये, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज एकाच वेळी सामावणाऱ्या पद्धतीत, आवाज नोंदवणारा हा रेकॉर्डर आहे. अशी उपकरणे आता अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांची वैशिष्ट्ये वाचकांना ठाऊक असतील, म्हणून ती यादी इथे देत नाही. कंपनीचे नावही देत नाही, कारण तक्रार अद्याप मिटलेली नाही.

लग्नाच्या चित्रीकरणासाठी नवरदेवाचा आवाज टिपण्याचे हे काम म्हटले तर साधे आहे. विधी सुरू होण्याआधी रेकॉर्डर नवरदेवाच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा, माइक कोटाच्या कडेला लावायचा, बटण दाबून लॉक करायचे आणि सगळे आटोपल्यावर आठवणीने काढून घ्यायचा. पूर्वी याच कामासाठी मी वायरलेस माइक वापरत असे. रिकाम्या सभागृहात तो उत्तम चालतो. परंतु पाहुण्यांनी सभागृह भरले, प्रत्येकाच्या खिशातला फोन आसपासच्या लहरींमध्ये गर्दी करू लागला आणि मध्ये माणसांची रांग उभी राहिली की नेमक्या महत्त्वाच्या वाक्याला आवाज तुटतो. खिशातल्या रेकॉर्डरला हा धोका नाही, कारण आवाज हवेतून कुठे जातच नाही. त्याबदल्यात काम चालू असताना तो ऐकता येत नाही, ही मात्र मोठी किंमत आहे. माइकची पिन अर्धवट निघाली आहे की नाही, हे विधी संपेपर्यंत कळण्याचा मार्ग नाही. स्क्रूने घट्ट बसणारी पिन असलेलाच रेकॉर्डर घ्यावा, असा माझा आग्रह यामुळेच आहे.

32 बिट फ्लोटविषयी माझे मत वापरातून बदलले. 2019 च्या सुमारास झूम कंपनीचा एफ6 आणि साउंड डिव्हायसेस कंपनीच्या मिक्सप्रीची दुसरी मालिका हे रेकॉर्डर या सोयीसह बाजारात आली, तेव्हा मला ती निव्वळ जाहिरातबाजी वाटली होती. 24 बिटमध्येच कागदोपत्री सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत 144 डेसिबलचा पल्ला मिळतो आणि तो कोणत्याही सभागृहाला पुरून उरतो. मग 32 बिट फ्लोटचा 1500 डेसिबलच्या वरचा पल्ला कोणासाठी, असा माझा प्रश्न होता. तो प्रश्न हिशेबाने बरोबर असला तरी लग्नाच्या कामात गैरलागू आहे, हे पुढे लक्षात आले. वचने देताना नवरदेवाचा आवाज जेमतेम ओठांबाहेर येतो आणि त्यानंतर काही क्षणांतच मित्रमंडळी त्याला मिठी मारून कानाजवळ आरोळ्या ठोकतात. या दोन्हींसाठी योग्य पातळी आधी ठरवता येत नाही आणि खिशातल्या उपकरणाचे बटण मध्येच फिरवताही येत नाही. 32 बिटमध्ये पातळी ठरवण्याचा प्रश्नच उरत नाही. कुजबुज नंतर वर आणता येते, आरोळी खाली घेता येते आणि आवाज फाटत नाही. हंगामी मदतनीसाच्या हातीही रेकॉर्डर निर्धास्तपणे देता येतो, हा आणखी एक फायदा.

या सोयीची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण तिच्यावर विसंबून काहीजण रेकॉर्डर थेट सभागृहाच्या ध्वनियंत्रणेच्या मिक्सरला जोडतात. व्यावसायिक मिक्सरमधून बाहेर पडणारा लाइन पातळीचा संकेत साधारण 1.2 व्होल्टचा असतो, तर कॉलर माइकसाठी बनवलेले प्रवेशद्वार काही मिलिव्होल्टच्या अपेक्षेने बसलेले असते. इतका मोठा संकेत आत गेला की आकड्यांत रूपांतर होण्याआधीच, म्हणजे अॅनालॉग टप्प्यातच, आवाज फाटतो आणि मग 32 बिट काय किंवा 64 बिट काय, फाटलेला आवाजच इमानेइतबारे जपून ठेवला जातो. भाषणांसाठी मिक्सरचा आवाज हवा असेल तर मध्ये पातळी उतरवणारी वायर लावावी किंवा लाइन इनपुट असलेला वेगळा रेकॉर्डर ठेवावा. शिवाय वक्ता बोलता बोलता माइकपासून दूर गेला की मिक्सरमध्येही त्याचा आवाज नसतो, आणि पाहुण्यांचे हसणे तर तिथे पोहोचतच नाही. त्यासाठी सभागृहात कुठेतरी एक उघडा माइक लागतोच.

माइकच्या जागेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आवाजाची निम्मी प्रत इथेच ठरते. हनुवटीपासून एक वीत खाली, छातीच्या मधोमध, ही माझी ठरलेली जागा. कडक इस्त्रीच्या कापडाखाली माइक गेला की प्रत्येक श्वासाबरोबर सरसर ऐकू येते आणि ती आवाजातून वेगळी काढणे जवळजवळ अशक्य असते. कापडी टेपचा तुकडा चिकट बाजू बाहेर ठेवून त्रिकोणी घडी करायचा, असे दोन त्रिकोण माइकच्या दोन्ही बाजूंना लावायचे, म्हणजे आतले आणि बाहेरचे कापड त्यालाच चिकटून राहते आणि माइकवर घासत नाही. माइकखाली वायरचा एक छोटा वेढा ठेवून तोही टेपने धरून ठेवला, तर हालचालीचा धक्का वायरमधून वर चढत नाही. दोन मिनिटांचे हे काम टाळले तर नंतर एडिटिंगमध्ये तासन्तास घालवूनही भरपाई होत नाही.

नवरीला मी सहसा माइक लावत नाही. तिच्या पेहरावात रेकॉर्डरला जागा नसते आणि ऐन वेळी तिला त्यासाठी थांबवणे मला प्रशस्त वाटत नाही. कॉलर माइक बहुधा सर्व दिशांनी ऐकणारे असतात आणि विधीच्या वेळी दोघे समोरासमोर उभे असतात, त्यामुळे नवरदेवाच्या माइकमध्ये तिचा आवाजही येतो. अंतर दुप्पट झाले की पातळी 6 डेसिबलने उतरते. त्याचे तोंड माइकपासून 20 सेंटिमीटरवर आणि तिचे 65 सेंटिमीटरवर धरले, तर तिचा आवाज सुमारे 10 डेसिबलने कमी भरतो. तेवढा फरक एडिटिंगमध्ये सहज भरून काढता येतो.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. रेकॉर्डरमधले सेल काढले की त्याचे घड्याळ थोड्याच वेळात 1 जानेवारीच्या मध्यरात्रीवर परत जाते. सेल काढल्यावरही घड्याळ काही तास चालू राहील असे पुस्तिकेत छापलेले आहे आणि सुरुवातीचे महिने ते तसे चालतही होते. आता सेल बदलण्यापुरती उसंतही ते देत नाही. याच पुस्तिकेत, याच अक्षरांत, उपकरण बराच काळ वापरात नसेल तर सेल काढून ठेवावेत अशी सूचनाही आहे. अल्कलाइन सेल गळला तर आतला क्षार पट्ट्या खाऊन टाकतो, म्हणून मी ती सूचना तंतोतंत पाळतो. शिवाय अर्धे वापरलेले सेल काढून दुसऱ्या किरकोळ कामासाठी लावण्याची मला सवय आहे आणि ती मी कोणत्याही कंपनीसाठी सोडणार नाही. म्हणजे जो ग्राहक पुस्तिका वाचून काटकसरीने वागतो, त्यालाच प्रत्येक लग्नाआधी तीन बटणांनी वर्ष, महिना, दिवस, तास आणि मिनिट भरत बसावे लागते.

यावर कोणी म्हणेल की तारीख चुकली म्हणून आवाज काही बिघडत नाही. बिघडत नाही, हे मान्य. परंतु या रेकॉर्डरमध्ये फाइलचे नावच तारीख आणि वेळेवरून पडते. सेल घातल्यावर किती मिनिटांनी बटण दाबले यावर ते नाव ठरते आणि माझ्या कामाची पद्धत ठरलेली असल्यामुळे दोन वेगवेगळ्या लग्नांच्या फाइलींना एकच नाव मिळाले. एका फोल्डरमध्ये दुसरी फाइल टाकताना संगणकाने ‘जुनी फाइल बदलायची का’ असे विचारले, तेव्हा हा प्रकार ध्यानात आला. गोष्ट नावापुरतीही थांबत नाही. युरोपीय प्रसारण संघाने 1997 मध्ये ठरवून दिलेल्या ब्रॉडकास्ट वेव्ह या स्वरूपात ध्वनिमुद्रणाची तारीख, वेळ आणि मध्यरात्रीपासूनचे अंतर फाइलच्या आतच लिहिले जाते. एडिटिंगचे सॉफ्टवेअर तेच वाचून आवाज टाइमलाइनवर योग्य जागी बसवते. घड्याळ खोटे बोलत असेल तर ही सगळी सोय फुकट जाते आणि प्रत्येक तुकडा हाताने शोधावा लागतो.

सर्व्हिस सेंटरला मी हे सविस्तर लिहून दिले होते. सेल काढा, दोन मिनिटे थांबा, परत घाला, तारीख बघा, इतक्या स्वच्छ शब्दांत तपासणीची रीतही कळवली होती. कित्येक आठवड्यांनी उपकरण परत आले ते वर दिलेल्या एका ओळीसह. फोनवर विचारले असता, ‘सेल लावलेले असताना घड्याळ व्यवस्थित चालते’ असे उत्तर मिळाले. त्याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. सेल काढल्यावर घड्याळ चालू ठेवणारा आतला छोटा राखीव घटक बदलून द्या, त्याचे पैसे देतो, असे सांगितल्यावर तो भाग स्वतंत्र मिळत नाही, संपूर्ण सर्किट बदलावे लागेल आणि वॉरंटीची मुदत संपली आहे, असे कळले. तक्रार दाखल केली तेव्हा मुदत शिल्लक होती, याचा लेखी पुरावा मी पाठवला आहे. उत्तर आलेले नाही.

गंमत अशी की याच उपकरणातले दुसरे घड्याळ, म्हणजे आवाजाचे नमुने मोजणारे स्फटिक, अत्यंत नेमके आहे. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या स्फटिकांत दशलक्षात 20 भागांचा फरक असला तरी तासाभरात 72 मिलिसेकंदांची तफावत पडते. सेकंदाला 25 चौकटींच्या (फ्रेमच्या) चित्रात ती जवळजवळ दोन चौकटींची होते. आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी किंवा 125 मिलिसेकंद नंतर आला की प्रेक्षकांना तो जाणवू लागतो, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. माझ्या कॅमेऱ्यासोबत हा रेकॉर्डर संपूर्ण विधीत एका चौकटीपेक्षा अधिक सरकलेला मला आढळला नाही. तारखेबाबत इतका बेफिकीर असलेला निर्माता इथे इतका काटेकोर कसा, याचे आश्चर्य वाटते.

सिंक करताना, म्हणजे रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याच्या चित्राशी जुळवताना, एक सूक्ष्म गोष्ट मात्र सांभाळावी लागते. कॅमेरा सभागृहाच्या मागच्या टोकाला, समजा 15 मीटरवर असेल, तर त्याच्या माइकपर्यंत आवाज पोहोचायला सुमारे 44 मिलिसेकंद लागतात. कॅमेरा आणि रेकॉर्डर या दोन्हींच्या आवाजांचे आलेख तंतोतंत जुळवले की रेकॉर्डरचा आवाज ओठांच्या मागे एक चौकट राहतो. सॉफ्टवेअर ‘जुळले’ म्हणाले तरी तो टाइमलाइनवर एक चौकट आधी आणावा.

सेलबाबत थोडक्यात सांगायचे तर चार्ज होणारे निकेल सेल 1.2 व्होल्टचे असतात आणि शेवटपर्यंत जवळपास तितकाच दाब देऊन अचानक कोसळतात. मेनूमध्ये सेलचा प्रकार बदलला नाही तर बॅटरीचे चिन्ह काहीही दाखवते. मी चार्जचेच सेल वापरतो, परंतु प्रत्येक लग्नाला पूर्ण भरलेली जोडी लावतो, कारण मध्येच सेल संपले तर वेव्ह फाइलच्या मथळ्यात, म्हणजे सुरुवातीच्या नोंदीत, लांबीचा आकडा लिहायचा राहतो आणि आत आवाज असूनही ती फाइल उघडत नाही. सुदैवाने माझा रेकॉर्डर दर 2 जीबीला फाइल बंद करून नवी सुरू करतो. 32 बिट, 48 किलोहर्ट्झ, एका चॅनलला तासाला साधारण 690 एमबी लागतात, म्हणजे हा टप्पा तीन तासांनी येतो. तो आणखी लवकर आला असता तर मला आवडले असते.

खरेदीच्या वेळी कोणीच सांगत नाही अशी एक बाब म्हणजे हा रेकॉर्डर ऐकू नये तेही ऐकतो. विधीच्या आधीचा तासभर नवरदेव कोणाशी काय बोलतो, कोणत्या नातेवाइकावर चिडतो, स्वच्छतागृहात केव्हा जातो, हे सर्व स्वच्छ नोंदले जाते. मी माइक लावतानाच हे त्याला स्पष्ट सांगतो आणि विधीबाहेरचा भाग न ऐकता कापून टाकतो. मूळ फाइल कोणी मागितली तरी देत नाही. एकदा नवरदेवाच्या घरच्यांनीच ती मागितली होती आणि माझ्या नकारावर ते नाराज झाले, ते तसेच राहिले तरी चालेल.

इतके सगळे झाल्यावर दुसरा रेकॉर्डर कोणता घ्यावा, हा प्रश्न होताच, कारण विधी करवून घेणाऱ्या व्यक्तीसाठी वेगळा माइक असावा असे मला अलीकडे वाटू लागले आहे. रागाच्या भरात दुसऱ्या कंपनीचा घेणार होतो. परंतु स्क्रूच्या पिना बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतली जोडणी सारखी असेलच असे नाही आणि माझ्याकडे असलेले तिन्ही माइक याच जोडणीचे आहेत; ते टाकून नवे घेणे मला परवडण्यासारखे असले तरी पटण्यासारखे नाही. त्यामुळे हेच मॉडेल पुन्हा मागवले आहे आणि या वेळी वॉरंटीची तारीख रेकॉर्डरच्या मागच्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवणार आहे.