अंगणात कोटा की धोलपूर? आधी तुटलेली कड बघा

फरशी घ्यायला गेलं की दुकानात बोलणं होतं ते रंगाचं आणि स्क्वेअर फुटाच्या भावाचं. मी सांगेन, आधी फरशीची तुटलेली कड हातात घ्या. दगडाची ताकद दोन गोष्टींवर ठरते: कण किती बारीक आणि ते कशाने जोडलेत.

कोटा हा राजस्थानातला चुनखडक. त्याचे कण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांनी सुटे दिसत नाहीत. कण बारीक म्हणजे एकमेकांना टेकायच्या जागा जास्त आणि मधल्या फटी लहान. दगड तुटायला सुरुवात होते ती बहुधा अशाच एखाद्या फटीपासून, आणि फट मोठी असेल तर कमी भारातही ती पसरते. म्हणून बांधणी, म्हणजे कणांना जोडणारा पदार्थ, सारखीच असेल तर बारीक कणांचा दगड सहसा जास्त भार पेलतो.

पण बांधणी सारखी नसते! धोलपूरसारख्या वालुकाश्मात खरा प्रश्न हाच आहे. दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्या वालुकाश्मात उभं आहे, त्यात धोलपूरचा दगडही आहे. वाळूचा कण 0.06 ते 2 मिमीचा आणि बहुतेक क्वार्ट्‌झचा, म्हणजे तसा टणक. कणांमध्ये सिलिका मुरली असेल तर दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. कॅल्साइटने, म्हणजे चुनखडकातल्या मुख्य खनिजाने, जोडलेला दगड आम्लाने झिजतो. चिकणमातीने जोडलेला तर पावसात भिजला की सैल पडतो, मग त्याचे कण कितीही बारीक असोत. माझ्या लेखी म्हणूनच बांधणी आधी, कण नंतर.

दुकानात कडेवरून अंगठा जोरात घासा. वाळू सुटली तर तो माल नको. नाणं वाजवा: ठणठणीत आवाज चांगला, बद्द आवाज आला तर आत चीर किंवा पोकळी असू शकते. वर पाण्याचा थेंब टाका. झटकन जिरला तर दगड पाणी पिणारा आहे. एक तुकडा घरी आणून रात्रभर भिजवा आणि पुन्हा घासून बघा. चिकणमातीची बांधणी इथे उघडी पडते.

भार पेलणं वेगळं आणि झीज सोसणं वेगळं. मोह्‌ज मापावर (खनिजांची कठिणता मोजायची 1 ते 10 ची पट्टी) कोट्यातल्या कॅल्साइटची कठिणता 3, क्वार्ट्‌झची 7. त्यामुळे चपलांबरोबर येणारी रेती कोट्याचं पॉलिश घालवते, आणि ओट्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो. स्वयंपाकघराच्या ओट्याला मी कोटा सुचवणार नाही.

गाडी लावायच्या जागी जाड, बिनपॉलिशचा कोटा घ्या. खाली मसाला पूर्ण भरून घ्या, कारण दाबाला भक्कम असलेला दगडही वाकताना पटकन तडकतो. पायऱ्यांना पक्क्या बांधणीचा वालुकाश्म बरा. खरखरीत असल्याने पावसात पाय घसरत नाही. किनाऱ्यालगत घर असेल तर मात्र पाणी पिणारा वालुकाश्म टाळाच. खाऱ्या हवेतलं मीठ त्याच्या छिद्रांत साचतं, तिथे त्याचे स्फटिक वाढतात आणि पापुद्रे सुटतात.