पीएस5 (सोनीचा प्लेस्टेशन 5 हा गेम कन्सोल) वर्षभर वापरल्यावर: सगळं छान, पण तो तासांचा आकडा!

ग्राफिक्स, लोडिंग, पंख्याचा आवाज यांवर सगळ्यांचं लिहून झालंय. माझी तक्रार एका ओळीबद्दल आहे. प्रोफाइलमध्ये 'गेम्स' उघडा, प्रत्येक गेमखाली खेळलेले तास दिसतात. पॉज करून जेवायला बसलात तरी टॅक्सीच्या मीटरसारखे ते पडतच राहतात. आठवड्याची बेरीज मात्र कुठेच नाही. वर्षाची मिळते ती वर्षअखेरीस, तीही सत्कार केल्यासारखी.

मग हातानेच करा. रोज दोन तास म्हणजे वर्षाला 730, म्हणजे रात्रंदिवस धरून तीस दिवस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो वर्षाच्या 130 तासांत उरकतो. विरार लोकलमधून चेंगरून आल्यावर चालायला कोण जाणार, हे कबूल. पण सोफ्यावरचे दोन तास बरे निघतात! मुलांच्या खात्याला रोजची मर्यादा घालता येते, मोठ्यांना स्वतःवर घालायची सोयच नाही. मोबाइलचा गजर लावा, आणि मोबाइल टीव्हीपाशी ठेवा, म्हणजे बंद करायला उठावं तरी लागेल.

एक मात्र मान्य करायला हवं, नुसत्या तासांवरून व्यसन ठरत नाही. 1 जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, गेमिंगचा विकार आहे, पण त्याची लक्षणं वेगळी: ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण 12 महिने. त्यामुळे आकड्यावरचा राग थोडा कमी केलाय.

विजेचं रडगाणं नको. जड गेमला साधारण 200 वॅट, म्हणजे पाच तासांत एक युनिट. महाग पडतो तो बटणं दाबून दुखावलेला अंगठा. अंगठा मुठीत दाबा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर कळ आली तर कंट्रोलर ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तिथल्या टेंडनचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याचं) आवरण सुजलेलं असू शकतं. खेळताना कोपर मांडीवर किंवा उशीवर टेकवा, हवेत धरू नका.

आता मागे काय उरतं ते. डिजिटल मॉडेल, म्हणजे डिस्क न घेणारं, डाउनलोड केलेलेच गेम चालवणारं, स्वस्त, म्हणून सुरुवातीला तेच शहाणपणाचं वाटतं. पण डिजिटल गेम म्हणजे फक्त परवाना. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मृत्युपत्रात लिहून ठेवलंत तरी. पीएस4 च्या गेमची सेव्ह फाइल (कुठवर खेळलात त्याची नोंद) पेनड्राइव्हवर निघते, पीएस5 च्या गेमची निघत नाही. क्लाउडवर ठेवायची तर सोनीच्या प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरत राहा. आपलेच तास, आणि भाडं आपणच भरायचं!

डिस्क धाकट्या भावाला देता येते, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विकता येते. स्लिम (नंतर आलेलं सडपातळ) डिजिटल मॉडेल घेऊन बसला असाल तर डिस्क ड्राइव्ह वेगळा मिळतो. बसवल्यावर जोडणीसाठी एकदा इंटरनेट लागतं, एवढंच.