निकोटिन गम, ४ मिलिग्रॅम: दहा आठवडे चघळून झाल्यावर

सिगारेट सोडण्यासाठी आणलेलं हे गम पहिल्या दिवशी मी साध्या च्युइंगगमसारखं कचाकचा चावलं. पाच मिनिटांत घशात मिरी अडकल्यासारखी जळजळ आणि वर उचक्या. नेमका फोनवर साहेबांशी बोलत होतो. दोष गमचा नाही, माझाच. आतली चिठ्ठी वाचायची मला सवय नाही.

तर पद्धत अशी. सावकाश चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गम गाल नि हिरडी यांच्यामध्ये सरकवून ठेवायचं. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चारदा चावून दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. निकोटिन तोंडातूनच रक्तात जायला हवं. लाळेबरोबर गिळलं की पोटात जातं आणि नुसता त्रास देतं. आधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा फळांचा रसही नको, आंबटपणाने ते नीट शोषलं जात नाही. म्हणजे सकाळच्या कॉफीसोबतचं माझं गम दोन आठवडे फुकट जात होतं!

२ मिलिग्रॅम की ४, हे ठरवायला एकच प्रश्न असतो: उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागते का? मला तोंड धुवायच्या आधी लागायची. त्यामुळे ४.

काम करतं का? करतं, पण दमानं. झुरक्यातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं, गमला त्यासाठी वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ आल्यावर तोंडात टाकलं तर तोवर तुम्ही जिना उतरून खाली गेलेले असता. पहिले सहा आठवडे तासा-दोन तासाला एक, तेही घड्याळ लावून, तेव्हा कुठे जमलं. हात थरथरणं, घरच्यांवर खेकसणं बरंच कमी झालं. जबडा मात्र दुखतो. आणि ते फॉइल फोडायला नखं वाढवावी लागतील.

चिठ्ठीत एक ओळ आहे: १८ वर्षांखालच्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. वाचून हसू आलं. मी सिगारेट धरली पंधराव्या वर्षी, शाळेच्या सायकलस्टँडमागे, तेव्हा कुठलीच चिठ्ठी नव्हती. पहिल्या झुरक्याला ठसका, डोळ्यांत पाणी, डोकं गरगरलं. मित्र म्हणाला, "येईल जमायला." आलं. दहावी संपेपर्यंत रोजच्या दोन झाल्या, आणि 'कधीही सोडू शकतो' हे वाक्यही तेव्हाचंच.

अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २०१२च्या अहवालात आहे की रोज ओढणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे ८८ टक्के जणांनी पहिली सिगारेट वयाच्या अठरापर्यंत ओढलेली असते, आणि सव्वीसपर्यंत जवळजवळ सगळ्यांनीच. मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या ओल्या सिमेंटवर मी पाय देऊन उभा होतो.

माझ्या एका सहकाऱ्याने सत्ताविसाव्या वर्षी, नोकरीच्या ताणात सुरू केली होती. २ मिलिग्रॅमवर दीड महिन्यात सुटला. एका माणसावरून नियम काढत नाही मी, पण तो सहज म्हणाला, "आधी कसा होतो तसा परत झालो." मी तिथेच अडकलो. मला परत जायला 'आधी' म्हणून जो कोणी आहे, तो चौदा वर्षांचा पोरगा आहे. सिगारेटशिवाय वाट कशी बघायची, भांडण झाल्यावर खोलीबाहेर काय सांगून पडायचं, अनोळखी माणसाशी बोलणं कसं काढायचं, हे मोठेपणी मी कधी शिकलोच नाही. ही सगळी कामं तीच करत होती. गम रक्तातली भूक भागवतं, त्याच्या पुढचं त्याच्याकडून होत नाही. ते डब्यावर लिहिलेलंही नाही, म्हणून त्याचे गुण कापत नाही. पाचपैकी चार. एक कापला तो फॉइलसाठी. सोबत समुपदेशकाकडे जात असाल तर उत्तम. मी आठव्या आठवड्यात सुरू केलं, पहिल्यातच करायला हवं होतं.

आता दिवसाला चार-पाचवर आलोय. दुपारी पाय अजून त्याच जिन्याखाली नेतात. परवा तिथे उभा राहून रिकामं फॉइल दोन बोटांत धरलं होतं आणि अंगठ्याने खालून टिचकी मारत होतो, राख झाडतात तशी.